डांगाण आणि कचेरी

नगर जिल्ह्याचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम दुष्काळ उभा राहतो. खडी फोडणारी माणसे, कोरड्या विहिरी, जनावरांच्या छावण्या हे चित्र इतके रूढ होऊन बसले आहे की, याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या गावांत गणले जाणारे घाटघर आहे, हे जिल्ह्यातल्या पुष्कळ सुशिक्षितांनाही मुद्दाम सांगावे लागते. नगर शहरात वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरांच्या आत पाऊस पडतो. घाटघरला तो पाच हजारांच्या आसपास जातो. जिल्हा एक, जिल्हाधिकारी एक, खाती तीच. पण शासनाचे एकच वस्त्र इतक्या निराळ्या अंगांना कसे बसत आले असेल, हा विचार आपण सहसा करीत नाही. तो या व्याख्यानात करावा असे आम्ही योजिले आहे.

आरंभी नावांचा एक खुलासा केला पाहिजे. २०२४ साली जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. मागच्या काळाविषयी बोलताना मात्र आम्ही त्या त्या काळचे नगर हेच नाव ठेवू. आणि आमचा विषय असलेला अकोले तालुका म्हणजे वऱ्हाडातले अकोला नव्हे. इंग्रजी दप्तरात दोहोंची नावे सारखीच लिहीत, त्यामुळे जुनी कागदपत्रे चाळणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा हे बरे.

अकोले तालुक्याची घडण समजण्यासाठी आपल्या डाव्या हाताचा पंजा, तळवा खाली करून, बोटे उजवीकडे पसरून समोर ठेवावा. मनगट म्हणजे सह्याद्रीची मुख्य धार, दक्षिणोत्तर गेलेली. तिच्या पलीकडे कडा तुटतो आणि खाली शहापूर-मुरबाडचा कोकणपट्टा दिसतो. बोटे म्हणजे त्या धारेपासून पूर्वेकडे फुटलेल्या डोंगररांगा. उत्तरेची रांग कळसूबाईची. महाराष्ट्रातले सर्वांत उंच, १,६४६ मीटरांचे शिखर तिच्यावर आहे आणि अलंग, मदन, कुलंग हे अवघड किल्लेही तिच्यावरच आहेत. तीच रांग पुढे पट्टा किल्ल्याकडे जाते. जालन्याच्या स्वारीनंतर १६७९ साली शिवाजी महाराज तेथे विसाव्याला राहिले, म्हणून त्याला विश्रामगड म्हणतात. दक्षिणेची रांग हरिश्चंद्रगडाची. तिच्यापलीकडे पुणे जिल्ह्यातले जुन्नर. मधल्या बोटांच्या बेचक्यांतून आढळा, प्रवरा आणि मुळा या नद्या पूर्वेकडे वाहतात. प्रवरेचा उगम रतनगडाच्या परिसरातला. तिच्या काठी रतनवाडीला अमृतेश्वराचे जुने देऊळ आहे आणि नदीलाही लोक अमृतवाहिनी म्हणतात. हे सारे पाणी शेवटी प्रवरेवाटे नेवाशाजवळ प्रवरासंगमला गोदावरीस मिळते. तालुक्यातला पाण्याचा जवळजवळ प्रत्येक थेंब नगर जिल्ह्याच्या अंगणात उतरतो, ही एक गोष्ट पक्की धरून चालावे; पुढचा बराचसा इतिहास तिच्यातून निघालेला आहे.

माणसांची वाट मात्र पाण्याच्या वाटेने जात नाही. घाटघर, साम्रद, रतनवाडी या बाजूच्या माणसाला जवळचा बाजार घोटीचा, जवळची आगगाडी इगतपुरीची. ही दोन्ही ठिकाणे नाशिक जिल्ह्यात. चोंढ्याच्या घाटाने खाली उतरले की ठाणे जिल्हा. अकोले तालुक्यात रेल्वे कधीच आली नाही. कोल्हार-घोटी रस्ता झाल्यावर अकोले, राजूर, भंडारदरा ही ठिकाणे एका ओळीत आली. पण त्या रस्त्याने सुद्धा भंडारदऱ्याहून नाशिक सत्तरएक किलोमीटर आणि जिल्ह्याचे ठाणे त्याच्या दुपटीहून लांब. थोडक्यात, पाणी पूर्वेला, बाजार उत्तरेला, सोयरिकी घाटाच्या वरखाली, आणि कचेरी पुन्हा पूर्वेला. पाण्याप्रमाणे कचेरीही उताराकडे बसली.

तालुक्याचे दोन भाग लोक स्वतःच करतात. पूर्वेचा सपाट, काळ्या मातीचा, कमी पावसाचा भाग देशासारखा, पश्चिमेचे डांगाण. सरळ रेषेत पाहिले तर घाटघर आणि अकोले गाव यांत पस्तीसएक किलोमीटरांचे अंतर असेल, पण तेवढ्यात पाऊस आठ-दहा पटींनी उतरतो. देशावरचे गाव म्हणजे गावठाण, वेस, चावडी, मारुतीचे देऊळ, भोवती शिवार. डांगाणातले गाव असे एका ठिकाणी सापडत नाही. महसुली कागदावर नाव एक, पण प्रत्यक्षात पाच-सात वाड्या, त्याही ओढ्यांनी आणि टेपाडांनी एकमेकींपासून तोडलेल्या. भाताची खाचरे उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी पाडलेली, वरच्या अंगाला नागली, वरई, खुरासणी यांची वरकस जमीन, त्यावर रान. खाचरातले रोप करण्याआधी पालापाचोळा, शेणकूट पसरून जमीन भाजायची, त्याला राब म्हणतात. म्हणजे शेतीला रान लागतेच. महादेव कोळी आणि ठाकर हे येथले मुख्य रहिवासी, आणि डांगी ही येथली गुरांची जात, जिच्या कातडीवर असा तेलकटपणा असतो की मुसळधारेतही बैल औताला उभा राहतो. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, ते पाहिल्यावाचून या मुलखाची श्रीमंती कशात आहे हे कळणार नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे राखल्याबद्दल २०२० सालचा पद्मश्री किताब मिळाला. त्यांची पेढी बियांची. हिशेबाच्या वह्यांची नव्हे.

विरळ वस्तीच्या मुलखाचा कारभार हा प्रश्न जगभरचा आहे. रशियात जिल्ह्याखालच्या तालुक्यासारख्या विभागाला रायोन म्हणतात. सायबेरियातील क्रास्नोयार्स्क प्रांतात एवेन्की नावाचा असा एक विभाग आहे. त्याचे क्षेत्रफळ ७ लाख ६७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे उभ्या महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट. आणि २०१० सालच्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या सोळा हजारांच्या घरात होती. तुरा या मुख्य ठाण्याला पोचायचे तर विमानाने, उन्हाळ्यात नदीने किंवा हिवाळ्यात बर्फावरच्या वाटेने. तेथे माणूस कमी म्हणून कचेरी लांब. आमच्या डांगाणाची गोष्ट निराळी आहे. येथे माणसे थोडी नाहीत, ती विखुरलेली आहेत. आणि विखुरलेल्या माणसांना सरकार आकड्यांवरून ओळखू लागले की ती थोडी वाटू लागतात.

आकडेच पाहू. १९०१ च्या शिरगणतीत अकोले तालुक्याचे क्षेत्रफळ ५७२ चौरस मैल आणि लोकसंख्या सुमारे ६९ हजार होती. म्हणजे चौरस मैलाला १२० माणसे. त्याच वेळी सबंध नगर जिल्ह्याची सरासरी १२७ होती. फरक नावाचाच. ११० वर्षांनी, २०११ साली, तालुक्यात सुमारे २ लाख ९२ हजार माणसे होती, म्हणजे चौरस किलोमीटरला १९५ च्या आतबाहेर. जिल्ह्याची सरासरी मात्र २६६ झाली होती. जिल्हा सव्वापाच पटींहून अधिक वाढला, अकोले सव्वाचार पट. म्हणजे अकोले हा मुळापासूनचा ओसाड मुलूख आणि बाकीचा जिल्हा भरभराटीचा, हा समज खोटा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दोघे बरोबरीचे होते. बरोबरी मोडली ती नंतर, आणि तिच्या मोडण्यात नुसता डोंगर नाही, माणसाच्या हातचे कामही आहे. आमचे म्हणणे हेच आहे की, या तालुक्याचा विरळपणा आपण निसर्गाच्या खात्यावर घालतो, त्यातला निदान काही भाग कारभाराच्या खात्यावर घालावा लागेल.

आता थोडे मागे जाऊ. मुसलमानी अमदानीत आणि पुढे मराठेशाहीत या डोंगराळ पट्ट्यावर थेट अंमल बसवण्याच्या भरीस कोणी फारसे पडले नाही. बावन मावळांचे आपापले नाईक असत. घाटवाटा राखणे, वाटमारीचा बंदोबस्त करणे, किल्ल्यांच्या शिबंदीला माणसे पुरवणे हे त्यांचे काम, आणि त्याबदली त्यांचे हक्क. देशावर पाटील-कुलकर्णी जे करीत ते डांगाणात नाईक करी, पण त्याची पत लेखणीवर नव्हती, माणसांवर होती.

याचा उत्तम दाखला जावजी बांबळे यांचा. राजूरकडचे हे महादेव कोळी नाईक १७६० नंतर पेशवाईशी बिनसल्याने डोंगरात शिरले आणि पुष्कळ वर्षे सरकारी फौजांना दाद देईनात. किल्ले घेतले, मुलूख लुटला. अखेर पुण्याच्या कारभाऱ्यांनी जे केले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांना माफी दिली, आणि राजूरकडच्या साठ गावांचा लष्करी व पोलिसी बंदोबस्त त्यांच्याच हवाली केला. बंडखोर आणि दरोडेखोर कोळ्यांना देहान्त शासन करण्याचा अधिकारसुद्धा दिला. १७८९ साली जावजी मारले गेले, तेव्हा ते काम त्यांचे पुत्र हिराजी यांच्याकडे आले. या व्यवस्थेला आजच्या अर्थाने न्यायाची म्हणता येणार नाही. एकाच माणसाच्या हाती शिपाई आणि न्यायाधीश ही दोन्ही कामे देणे रयतेला किती महाग पडत असेल, याची कल्पना कोणीही करू शकेल. तथापि एक गोष्ट तीत होती. साठ गावांची कचेरी त्या साठ गावांच्या मध्यावर, राजुरात होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि नगरचा कलेक्टर नेमला गेला. पहिला कलेक्टर हेन्री पॉटिंजर. त्याच्या ताब्यातला मुलूख आजच्या जिल्ह्याहून कितीतरी मोठा होता. नव्या सरकारला डोंगरी किल्ल्यांची भीती वाटे, म्हणून पुष्कळ किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवण्यात आल्या. कुलंग-अलंगच्या तुटक्या वाटा गिर्यारोहकांना आज साहसाच्या वाटतात. त्या काळी त्यांचा अर्थ शिबंदीची भाकरी तुटली असा होता. किल्ल्यांवरची माणसे कमी झाली, नाईकांचे हक्क घटले, आणि ज्यांनी घाट राखले त्यांचीच गणना संशयितांत होऊ लागली. १८२९-३० च्या सुमारास पहिले मोठे बंड झाले, ते कॅप्टन मॅकिंटॉशने मोडले. याच मॅकिंटॉशने पुढे महादेव कोळ्यांविषयी दीर्घ वृत्तांत लिहिला. ज्या समाजाचा पाठलाग केला त्याचा अभ्यासही करून ठेवायचा, ही इंग्रजी कारभाराची रीत होती. तिचा उपयोग आपल्याला होतो, हेही खरे.

दुसरे बंड राघोजी भांगरे यांचे. ते देवगावचे. त्यांचे वडील रामजी हे इंग्रजी पोलिसांत नोकरीलाही होते आणि बंडातही होते. एवढ्यावरून त्या घराण्याची कोंडी कळावी. १८४४-४५ मध्ये राघोजींच्या माणसांनी सावकारांवर हल्ले केले, कित्येकांची नाके कापली. या क्रौर्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही, पण राग नेमका कोणावर होता ते पाहिले पाहिजे. नव्या दिवाणी कोर्टाने कर्जरोख्याला जे बळ दिले होते ते पूर्वी कधीच नव्हते. पूर्वी सावकाराला वसुलीसाठी गावाची भीड होती. आता हुकूमनामा मिळाला की बेलीफ जमिनीवर येई. आणि तो हुकूमनामा ज्या कचेरीत होई तेथवर डांगाणातला ऋणको बहुधा पोचतच नसे. पोचला तरी तेथली भाषा त्याला कळत नसे. २ जानेवारी १८४८ रोजी राघोजी पंढरपुरास पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. डांगाणच्या इतिहासातली ही सर्वांत ठळक तारीख. पुढे १८७५ साली सुपे आणि पुणे-नगरच्या भागात सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांची कारणे डांगाणात तीस वर्षे आधीच दिसली होती, असे आम्हास वाटते.

आणि तरीही याच लोकांवाचून सरकारचे चालले नाही. १८५७ ची धामधूम उठताच नगर जिल्ह्यात कोळ्यांची खास पलटण उभारण्यात आली. कॅप्टन नटॉल तिचा प्रमुख. सहाशे माणसे भरती झाली. डोंगरात चालण्यात आणि मोजक्या शिध्यावर राहण्यात ती गोऱ्या शिपायांना भारी होती. काम संपले आणि १८६१ साली पलटण मोडली. पुन्हा घरी, खाचराकडे.

मामलेदार कचेरी अकोल्याला राहिली. यात दुष्टपणा कोणाचा नव्हता. महसूल देशाकडच्या पिकाचा, गाडीरस्ता संगमनेरकडून, पाणी-हवा बरी. पावसाळा संपता संपता डांगाणात हिवताप असे आणि तिकडची नेमणूक नोकरवर्गाला शिक्षेसारखी वाटे. महसुलाच्या हिशेबाने पाहिले तर कचेरी बरोबर जागी होती. पण साम्रदच्या कुळाला एका दाखल्यासाठी पावसात ओढे ओलांडीत किती दिवस मोडावे लागत, हा हिशेब महसुलात येत नाही.

मग जंगल खाते आले. १८७८ च्या कायद्याने रानाची प्रतवारी झाली, राखीव रानाच्या हद्दी पडल्या, आणि राबासाठी पाला तोडणे, वरकशीत फिरती शेती करणे, हिरडा गोळा करणे यांपैकी काय हक्काचे आणि काय गुन्ह्याचे हे ठरवण्याचे काम गार्डाकडे गेले. महसूल खाते अकोल्यापर्यंतच थांबले होते. जंगल खाते थेट वाडीच्या दारापर्यंत पोचले. दूरच्या वाडीला सरकारचे पहिले दर्शन मास्तरच्या किंवा डॉक्टरच्या रूपाने न होता मनाई करणाऱ्या माणसाच्या रूपाने झाले. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले, ३६१ चौरस किलोमीटरांचे, म्हणजे तालुक्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. रान राखले पाहिजे याविषयी दुमत नाही. पण वाडी, खाचर आणि रान यांची सांगड शेकडो वर्षांची असताना हद्द फक्त रानाची आखली गेली, आणि वाडीचा हक्क कागदावर यायला २००६ चा वनहक्क कायदा व्हावा लागला.

जिल्ह्यांच्या हद्दीही अशाच वरून आखल्या गेल्या. नगरच्या त्या अवाढव्य जिल्ह्यातून १८३८ साली सोलापूर वेगळे झाले आणि १८६९ साली नाशिक. इगतपुरी, सिन्नर नाशिककडे गेले, अकोले नगरकडे राहिले. हद्द कळसूबाईच्या रांगेवरून गेली. नकाशावर डोंगराची धार ही फार सोयीची हद्द असते. डोंगरात राहणाऱ्याला मात्र धार ही हद्द नसून वाट असते. कळसूबाईच्या दोन्ही अंगांच्या लोकांची बोली एक, देवी एक, घोटीचा बाजार एक. जिल्हे दोन.

आता ज्या गोष्टीने हा तालुका सर्वांना ठाऊक झाला त्या भंडारदऱ्याकडे येऊ. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी नगर जिल्हा हवालदिल केला होता. दख्खनच्या दुष्काळी पट्ट्याला कालव्यांनी तारावे हे धोरण ठरले, आणि प्रवरेवर धरण बांधण्यासाठी जागा निवडली गेली ती शेंडी-भंडारदऱ्याची. १९१० साली काम सुरू झाले. त्या अरुंद खिंडीत ८२ मीटर उंचीची दगडी भिंत उभी राहिली, त्या काळी हिंदुस्थानातली सर्वांत उंच. १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरणाला विल्सन, तलावाला आर्थर अशी नावे मिळाली. साठा अकरा अब्ज घनफुटांचा. स्थापत्य म्हणून ते काम अव्वल आहे. शंभरी गाठण्याच्या वयातही ते ठाकठीक उभे आहे, आणि ज्या कारागिरांनी त्या पावसात दगड घडवले त्यांचे स्मरण ठेवावे असे आहे.

पाणी कोठे गेले? धरणातून नदीत, नदीतून संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत, आणि तेथून दोन कालव्यांनी पूर्वेकडे संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांत. कालव्यावर ऊस आला. आधी खाजगी कंपन्यांचे साखर कारखाने, आणि १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना. शेतकऱ्याने स्वतःच्या भांडवलावर उभारलेल्या त्या प्रयोगाविषयी आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. कारखान्याला नाव नदीचे दिले: प्रवरा. पण त्या नदीच्या उगमाकडचा शेतकरी फाल्गुन-चैत्रात कोरड्या खाचराच्या कडेने हंडा घेऊन झऱ्याला जातो, हेही त्याच नदीचे वृत्त आहे. एकीकडे पाच हजार मिलिमीटर पाऊस, समोर भरलेला तलाव, आणि उन्हाळ्यात पिण्याचे पाणी दुर्मिळ. तलाव खाली, वाडी वर. पाणी चढावर जात नाही, आणि चढवण्याची योजना त्या काळी कोणाच्या कागदावर नव्हती.

पाणी चढावर नेता येत नाही असे मात्र कोणी समजू नये. घाटघरला ते रोज चढते. वरचे धरण घाटघरला, खालचे शहापूर तालुक्यात चोंढ्याला; विजेची मागणी वाढली की पाणी कड्यावरून खाली सोडायचे, मागणी उतरली की तेच पाणी पंपांनी पुन्हा वर घ्यायचे. २००८ पासून चालू झालेल्या या केंद्राची शक्ती २५० मेगावॉट आहे.

निळवंड्याची कथा तर अलीकडची. प्रवरेवरच्या या दुसऱ्या धरणाची कल्पना १९७० ची. जागा बदलली, खर्च वाढत ५,१७७ कोटींवर गेला, आणि ८५ किलोमीटरांच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण व्हायला २६ ऑक्टोबर २०२३ उजाडला. लाभ सात तालुक्यांतल्या १८२ गावांना, त्यांत एक तालुका नाशिक जिल्ह्यातला. धरण अकोल्यात, बुडालेली जमीन अकोल्यातली. देशाकडच्या गावांना या वेळी कालवा दारावरून गेला, ही मागच्यापेक्षा बरी गोष्ट. डांगाण याही वेळी धरणाच्या वरच राहिले. १९०१ ची बरोबरी १९२६ नंतर कशी मोडत गेली, याचे उत्तर शोधणाऱ्याने नगरच्या नकाशावर फक्त कालव्यांची निळी रेघ ओढून पाहावी.

कारभाराच्या मांडणीत बदल झाले नाहीत असे नाही. १९५१ साली कुलकर्णी वतने गेली आणि पगारी तलाठी आला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषद व पंचायत समित्या सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा निर्णय निवडून आलेल्या माणसांकडे आला, आणि डांगाणात प्राथमिक शाळा ज्या वेगाने गेली ते काम मोठे आहे. तालुक्याची जवळजवळ निम्मी वस्ती आदिवासींची असल्याने पुढे आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी स्थापन झाली, ती राजूरला. नाना फडणिसांच्या काळात जेथे साठ गावांचा बंदोबस्त होता तेथेच दोनशे वर्षांनी पुन्हा कचेरी यावी, यात आम्हास भूगोलाने इतिहासाला दिलेली पावती दिसते. जे ठिकाण डोंगराच्या मध्यावर आहे ते आहेच. कोणी तेथे कचेरी ठेवो वा न ठेवो.

जिल्ह्याच्या विभाजनाचा वाद आपण सर्व जाणतो. १७ हजार चौरस किलोमीटरांचा, राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुके. उत्तरेचा वेगळा जिल्हा व्हावा असे म्हणणारे संगमनेर, श्रीरामपूर आणि शिर्डी यांच्या नावांवर भांडतात. २०२३ साली शिर्डीला अपर जिल्हाधिकारी कार्यालय मंजूर झाले, त्यात अकोल्यासह सहा तालुके घातले. नगरपेक्षा शिर्डी अकोल्याला जवळ, हे निर्विवाद. परंतु या सबंध वादात संगमनेरचा व्यापारी बोलला, श्रीरामपूरचा वकील बोलला, शिर्डीचा पुढारी बोलला. घाटघरच्या माणसाला कोणते ठाणे सोयीचे, हे विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्याला विचारले असते तर तो कदाचित तिन्ही नावे बाजूला ठेवून राजूरचेच नाव घेता, आणि जिल्ह्याची कचेरी नको, तहसिलीची द्या म्हणता. त्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, जमिनीचे व वनहक्काचे दावे घेऊन हजारो शेतकरी अकोल्याहून लोणीकडे पायी निघाले, ते महसूलमंत्र्यांच्या गावी जाण्यासाठी. संगमनेर तालुक्यातच मंत्र्यांशी बोलणी होऊन मोर्चा मागे घेतला गेला. मोर्चाचा मार्ग कोणी मुद्दाम आखला नसेल, पण तो प्रवरेच्या काठाकाठानेच होता.

आता राहिला वाडीचा प्रश्न, आणि आमच्या मते मूळ प्रश्न तोच आहे. अकोल्यातील पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. त्यांना १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. त्या नियमांनुसार एखाद्या वाडीला किंवा पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होता येते. तिची स्वतःची ग्रामसभा, रानातल्या उपजावर, पाण्यावर, जमिनीच्या व्यवहारावर तिचा शब्द. महसुली दप्तराने जी वाडी कधी मोजलीच नाही, तिला कायद्याने प्रथमच गाव म्हटले. पाच-सात वाड्यांचे एक गाव धरून, त्यांतल्या मोठ्या वाडीत ग्रामपंचायत बसवून, उरलेल्यांनी ओढा ओलांडून यावे, ही इंग्रजी अमदानीपासूनची रीत यामुळे मोडू शकते. नाईकाची जागा वाडीच्या सभेने घेणे, आणि तेही मृत्युदंडाच्या अधिकारावाचून, ही काही थोडी मजल नव्हे.

हा ठराव वाडीच्या मतदारांनी करायचा आणि पुढच्या चौकशीसाठी प्रांताकडे धाडायचा असतो. अकोले तालुक्याचे प्रांत बसतात संगमनेरला.